बीडचे ऊसतोड कामगार सरकारी आकड्यांत शोधताना: कामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

सोमवारी, २३ तारखेला, पीएलएफएसचा २०२३-२४ चा वार्षिक अहवाल आला आणि सोबत त्याचा कच्चा डेटाही. पीएलएफएस म्हणजे केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचं श्रमशक्ती सर्वेक्षण, एप्रिल २०१७ पासून चालू आहे, कोण काम करतं, कोणतं करतं, कोण रिकामं आहे हे त्यातून कळतं. लय दिवसांपासून मनात होतं ते आता सुरू करते. बीड जिल्ह्यातनं ऊसतोडीला किती माणसं जातात, कोणत्या तालुक्यातनं जातात, हे फक्त सगळ्यांना मोकळं असलेल्या सरकारी डेटावरून काढता येतं का ते बघायचं.

आमचं गाव धारूर तालुक्यात. माझे आईवडील एकोणीस हंगाम कोयत्यावर गेले, आता दादा-वहिनी जातात. मी पुण्यात नोकरी करते, त्यामुळे काम शनिवार-रविवारीच होणार. अंदाज एक महिन्याचा धरलाय. जे कुणी आपल्या जिल्ह्यासाठी असं करतील त्यांना माझ्या चुका परत करायला लागू नयेत म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

२९ सप्टेंबर

मंत्रालयाच्या मायक्रोडेटा, म्हणजे कच्च्या डेटाच्या, पोर्टलवर नाव नोंदवलं, फुकट आहे, कशासाठी पाहिजे ते दोन ओळीत लिहायचं. फाइल एक्सेल नाही, साध्या टेक्स्टची आहे, एका ओळीत एक माणूस आणि मधे स्वल्पविराम-बिराम काही नाही, आकडे एकाला एक चिकटलेले. कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत काय आहे ते वेगळ्या लेआउट फाइलमध्ये असतं. मला घराची नाही, माणसांची फाइल लागणार होती, तीही पहिल्या भेटीची, कारण शहरात एकाच घरी परत परत जातात आणि ती भेटीची फाइल वेगळी असते.

तीन तास गेले ते एका अक्षरामुळे. लेआउटमध्ये मोजणी १ पासून आहे आणि पायथन, म्हणजे मी ज्यात प्रोग्रॅम लिहिते ती संगणकाची भाषा, ० पासून मोजतं. सुरुवातीचा आकडा एकनं कमी करायचा, शेवटचा आहे तसाच ठेवायचा. मी दोन्ही कमी केले, म्हणून प्रत्येक रकान्याचा शेवटचा अंक कापला जात होता आणि वय दोन आकडी असलेल्या सगळ्यांचं एक आकडी यायला लागलं. वयाचा रकाना सगळ्यात आधी तपासा, तिथं चूक लगेच दिसते. ओळींची संख्या पण ताडून बघा, अहवालात माणसं ४,१८,१५९ आणि घरं १,०१,९५७ दिलीत, तेवढीच आली पाहिजेत.

६ ऑक्टोबर

दोन दिवस पूर्ण वाया गेले, ते का गेले ते नीट सांगते.

माणूस कोणत्या उद्योगात आहे त्यासाठी एनआयसी २००८ चा, म्हणजे उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाचा, पाच आकडी कोड असतो. ऊस पिकवणं ०११४०. पहिले दोन आकडे म्हणजे मोठा विभाग, ०१ म्हणजे शेती. मी फाइल वाचली, दोन आकडे कापले, महाराष्ट्राचा तक्ता काढला, तर शेतीत माणसं फार कमी आणि शीतपेयं-मद्य बनवणाऱ्या कारखान्यांत लाखो लोक. कपडे शिवणारे पण भरमसाठ. पहिल्यांदा वाटलं माझा राज्याचाच कोड चुकला. तो तपासला (महाराष्ट्र २७, बरोबर होता), मग लेआउट परत तपासला, मग फाइल परत डाउनलोड केली. काही फरक नाही.

शेवटी एकच ओळ घेऊन बसले, कच्च्या फाइलमधली आणि तक्त्यातली, शेजारी शेजारी ठेवून. कच्च्या फाइलमध्ये ०११४०, माझ्या तक्त्यात ११४०. सुरुवातीचं शून्य गेलं होतं, कारण पायथननं तो कोड नाव म्हणून न वाचता संख्या म्हणून वाचला. ११४० चे पहिले दोन आकडे ११, आणि विभाग ११ म्हणजे पेयं बनवणं. तसंच गाई-म्हशी पाळणाऱ्यांचा ०१४१ नं सुरू होणारा कोड शून्य गेल्यावर १४ मध्ये जाऊन पडला, तो शिवणकामाचा. राबणारी माणसं एका शून्यामुळे शेतातनं उचलून कारखान्यात गेली.

उपाय एका ओळीचा आहे, वाचतानाच सगळे रकाने मजकूर म्हणून वाचा आणि संख्या लागतील तेवढेच नंतर संख्या करा. आणि एकदा मजकूर म्हणून घेतलेली फाइल मधेच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, शून्य परत जातात. मी रविवारी दुपारी हेच केलं आणि संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, म्हणून आजच बसले. आज वजनं. सर्वेक्षणातला एक माणूस किती माणसांच्या वतीनं आहे तो आकडा, म्हणजे मल्टिप्लायर, ओळीच्या शेवटी असतो. मी सरळ १०० नं भागला आणि बेरीज केली तर महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास आठपट आली.

सोबतची वाचा-फाइल मी वाचलीच नव्हती. त्यात स्पष्ट लिहिलंय: एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर १०० नं भागायचं, नसतील तर २०० नं, आणि वर्षाचा एकत्र आकडा पाहिजे असेल तर किती तिमाह्या आहेत त्यानं परत भागायचं. हे केल्यावर बेरीज ताळ्यावर आली.

गंमत अशी नाही पण धोका असा आहे, की वजन चुकलं तरी टक्केवारी बऱ्यापैकी बरोबर दिसते, वर-खाली दोन्हीकडं तीच चूक असते म्हणून. त्यामुळे टक्केवारी जुळली म्हणून निवांत होऊ नका, एकूण माणसं बघा. मी देशाचे तीन आकडे अहवालाशी जुळवले, १५ वर्षांवरच्यांचा श्रमशक्ती सहभाग ६०.१ टक्के, काम करणाऱ्यांचं प्रमाण ५८.२, बेरोजगारी ३.२. तिन्ही जुळले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

२० ऑक्टोबर

एक चूक जी चारचौघात झाली. फाइलमध्ये जिल्ह्याचा कोड आहे, म्हणून मी बीड वेगळा काढला, बेरोजगारीचा दर काढला, चांगला रंगीत आलेख केला आणि गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तासाभरात तो दोन बातमीवाल्या ग्रुपवर गेला.

रात्री जेवताना लक्षात आलं की बीडची मुळात किती घरं आहेत ते मी मोजलंच नाही. हे सर्वेक्षण राज्याचा आकडा यावा अशा बेतानं केलेलं आहे. एका निवडलेल्या गावात किंवा शहराच्या छोट्या भागात फक्त ८ घरं घेतात आणि एका जिल्ह्याच्या वाट्याला अशी मोजकीच गावं येतात. त्यातनं बेरोजगार म्हणून नोंद झालेली माणसं हाताच्या बोटांवर, एक घर इकडचं तिकडं झालं तरी दर हलतो. ग्रुपवर चूक झाली म्हणून लिहिलं, आलेख काढून टाकला, पुढं गेलेल्या दोन ठिकाणी फोन करून सांगितलं. एकानं काढला, दुसऱ्यानं नाही काढला.

जिल्हा कोड फाइलमध्ये आहे म्हणून जिल्ह्याचा दर काढता येतो असं नाही. दर काढायच्या आधी खाली किती घरं आहेत ती छापा.

३ नोव्हेंबर, गावी

दिवाळी. दादा-वहिनी निघायच्या तयारीत आहेत, यंदा मतदान झाल्यावर टोळी जाणार आहे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झाली, ती दोघांची मिळून, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी पीएलएफएसच्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न छापून आणले होते, वहिनी चूल सारवत होत्या तिथंच बसून विचारले, जसा सर्वेक्षणवाला विचारेल तसे.

“वहिनी, मागच्या ३६५ दिवसांत जास्तीत जास्त वेळ काय केलंत?”

“काय करणार ताई, घरीच की. सैपाक, लेकरं, धुणं.”

“आणि तोडीला?”

“ते तर हायेच की. ते काय सांगायचं?”

मग आम्ही दोघी महिने मोजत बसलो. कारखान्याला साडेपाच महिने, आल्यावर खुरपणी, सोयाबीनची काढणी, आत्ता कापूस वेचणी. आठ महिन्यांच्या वर कामच निघालं. नियम असा आहे की वर्षातला जास्त वेळ ज्यात गेला ती मुख्य स्थिती, आणि ३० दिवस किंवा जास्त केलेलं दुसरं काम दुय्यम म्हणून लिहायचं. म्हणजे वहिनींचा कोड ५१, दुसऱ्याकडं रोजंदारीनं काम. पण पहिल्या उत्तरावर थांबलं असतं तर ९२, फक्त घरकाम, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेरच. एकाच बाईचे दोन कोड, फरक एवढाच की पुढचा प्रश्न विचारला का नाही.

२०१७-१८ ला देशात १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला ४१.७. हे वाचताना आता मला चुलीपुढचं हेच बोलणं आठवतं. त्यातल्या किती जणी नव्यानं कामाला लागल्या आणि किती जणींना पुढचा प्रश्न आता विचारला गेला, हे तक्त्यातनं वेगळं निघत नाही.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड. रोजंदारीवाल्याला मागच्या सात दिवसांत रोज किती मिळाले ते विचारतात. वहिनी म्हणाल्या, “आठवड्याला खर्ची देतो मुकादम, तेवढीच हातात. हिशोब फिटल्यावर.” ऊस तोडला टनावर, पैसे कोयत्यावर, उचल आधीच घेऊन ती लग्नात आणि दवाखान्यात गेलेली, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे आले ते वेगळे. यातनं वहिनींची मंगळवारची मजुरी कशी लिहायची? मी मजुरीचा रकाना या कामातनं पूर्ण काढून टाकला. त्या रकान्यावरून ऊसतोडीच्या मजुरीबद्दल मी तरी काही लिहिणार नाही.

२४ नोव्हेंबर

टोळी गेली. दादाचा फोन आला, कोपी, म्हणजे तोडीवर राहायची झोपडी, बांधली म्हणून.

आज कोडच्या अडचणीत दिवस गेला. ऊसतोडवाल्याचा एनआयसी कोणता? शेतकऱ्याच्या रानातलं काम म्हणून ०११४ म्हणता येतं, आणि ठेक्यानं पिकाची काढणी म्हणून ०१६१ पण म्हणता येतं, त्यात कंत्राटी पेरणी-कापणी सगळंच येतं. कोड लिहिणाऱ्यानं काय लिहिलं असेल त्यावर आहे. मी दोन्ही घेतले, फक्त ५१ स्थिती ठेवली. त्यात आपल्याच गावात उसाची खुरपणी करणारे पण आले, ते वेगळे करायला काही मार्ग नाही.

मग तिमाही. जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. मला वाटलं होतं मधल्या दोन तिमाहीत मराठवाड्यात तोडवाले कमी दिसतील, एवढंच बघायचं. पण आईशी बोलताना पुढचं कळलं. आमच्या घरात आई आणि लेकरं आहेत, म्हणजे कुणी आलं तर आई सांगेल, ल्योक-सून तोडीला गेलेत, आणि सहा महिन्यांच्या आत येणार असतील तर ते या घरचेच सभासद धरले जातील. बरोबर मोजले जातील. पण शेजारचं घर? सगळे गेलेत, दाराला कुलूप आणि कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. तिथं सर्वेक्षणवाला थांबणार नाही, बदली दुसरं घर घेईल. आणि जे घर उघडं सापडेल ते न जाणाऱ्याचं असायची शक्यता जास्त. म्हणजे ज्या घरात म्हातारं माणूस मागं राहतं तेच घर आकड्यात राहतं.

हे मी आलेखाखाली बारीक अक्षरात लिहिणार नाही, आलेखाच्या वरच लिहिणार.

१५ डिसेंबर

पीएलएफएस बाजूला ठेवलं. गावपातळीवर जायचं तर २०११ ची जनगणनाच आहे, त्यानंतर झालीच नाही. प्राथमिक गोषवाऱ्यात गावनिहाय रकाने मिळतात: मुख्य कामगार (वर्षात ६ महिने किंवा जास्त), सीमांतिक कामगार (त्याहून कमी), आणि सीमांतिकमध्ये परत ३ ते ६ महिने आणि ३ महिन्यांच्या आत असे दोन भाग. प्रत्येकात शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर.

जोडणी करताना नाव वापरू नका. जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग बी, आय, डी असं तीन अक्षरी आहे, बाकी सगळीकडं डबल ई. मी नावावर जोडलं तर पूर्ण जिल्हा गायब झाला आणि यादीत ३५ च्या ऐवजी ३४ जिल्हे बघून कळलं. २०११ चा कोड ५२३ आहे, त्यावर जोडा. पालघर २०१४ ला ठाण्यातनं निघाला म्हणून तो तिथं नाही, आणि धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर जुन्या नावानं शोधायला लागतात.

खरी अडचण तारखेत आहे. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला झाली. फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. आणि जनगणनेचा नियम असा की त्या पूर्ण काळात जो माणूस घरी आलाच नाही त्याला घरी मोजायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं.

मी तेव्हा नववीत होते, आजीजवळ. गुरुजी मोजणीला आले होते, पाटावर बसून लिहीत होते, आजीनं सांगितलं की ल्योक-सून कारखान्यावर आहेत. म्हणजे नियमानं माझे आईवडील बीडमध्ये नाहीत, ते सांगलीकडच्या एखाद्या गावच्या ओळीत असायला पाहिजेत, तिथल्या मोजणाऱ्यानं रानातल्या कोपीपर्यंत जाऊन लिहिलं असेल तर. बीडची लोकसंख्या २५,८५,०४९ अशी एकेका माणसापर्यंत छापलेली आहे. इतके दिवस मी ती तशीच वापरत आले.

यामुळे माझा मूळ बेतच मोडला. मला वाटत होतं ३ ते ६ महिन्यांच्या शेतमजुरांचा रकाना म्हणजे ऊसतोडवाल्यांची जागा. पण साडेपाच महिने तोड करून उरलेल्या दिवसांत खुरपणी करणारी बाई मुख्य कामगारात जाते, आणि जी पूर्ण हंगाम बाहेर आहे ती या जिल्ह्यातच नाही. तो रकाना दुसऱ्याच माणसांचा आहे.

५ जानेवारी २०२५

बाकीचं भराभर, कारण हाताला कमी लागलं. सहावी आर्थिक गणना (२०१३-१४): पीक उत्पादन त्यात घेतलेलंच नाही, तीन तास वाया. २०२०-२१ च्या पीएलएफएसमध्ये स्थलांतराचे प्रश्न होते, पण राहण्याचं ठिकाण बदललं असं धरायला नव्या जागी सहा महिने किंवा जास्त राहायला लागतं, तोडवाले साडेपाच महिन्यांत माघारी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २००७-०८ ची ६४ वी फेरी मात्र बघा, तिच्यात कामासाठी एक महिना ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांचा वेगळा प्रश्न होता. जुनी आहे, पण प्रश्न नेमका विचारलाय. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल: २०२१ पासून नोंदणी, नुसता डॅशबोर्ड, कच्चा डेटा नाही.

एका जुन्या जिल्हा अहवालाची पीडीएफ मिळाली पण फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, कॉपी केलं की नुसती चिन्हं. चाळीस पानं हातानं टाइप केली, दोन रविवार. लॅपटॉपची रॅम वाढवली, १,८०० रुपये. आत्तापर्यंतचा रोख खर्च एवढाच.

९ फेब्रुवारी

एका गोष्टीनं दोन दिवस झोप नीट नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ ला गाजला, सरकारनं समिती नेमली, आणि त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

मी पाच महिने रोजगाराच्या फायलींत शोधतेय ती बाई मला आरोग्याच्या पाहणीत सापडली. मोजायचं ठरवलं तर मोजता येतं, घरोघर जाऊन, तोडीला जाणारी म्हणून, हे त्या एका आकड्यानं दाखवलं. पण ती पाहणी एकदाच झाली आणि गावनिहाय तक्ता मोकळा नाही.

एका कार्यालयात माहिती विचारायला सुट्टी टाकून गेले. ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं द्यायला गावागावांत याद्या केलेल्या आहेत, मला नावं नको होती, फक्त गावागणिक संख्या. तीन टेबलं फिरले, साहेब मीटिंगला. माहिती अधिकाराचा अर्ज केलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट.

२३ मार्च

उत्तर आलं, अर्धं. माझ्या तालुक्यातल्या काही गावांचे आकडे आहेत, बाकी संकलित नाही असं. आहेत तेवढे मी तक्त्यात घातले आणि एक नवा रकाना केला: “कसं मोजलं”. प्रत्येक आकड्यापुढं कोणत्या महिन्यात मोजला, घरी मोजला का जिथं सापडला तिथं, आणि उत्तर कुणी दिलं. हा रकाना पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होता. माझे सगळे वाया गेलेले दिवस याच तीन गोष्टींपाशी गेलेत.

१८ मे

१५ तारखेला पीएलएफएसचं पहिलं मासिक पत्रक आलं, एप्रिल २०२५ चं, बेरोजगारी ५.१ टक्के. हा आकडा मागच्या सात दिवसांच्या कामावरचा आहे, वर्षाच्या ३.२ शी तुलना करू नका.

माझ्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. जानेवारीपासून सर्वेक्षणाची रचना बदलली. नमुना निवडताना आता जिल्हा हा मूळ घटक धरलाय, एका ठिकाणी ८ च्या जागी १२ घरं, आणि खेड्यात पण एकाच घरी लागोपाठ चार महिने चार भेटी. म्हणजे ऑक्टोबरमध्ये पहिली भेट झालेलं घर डिसेंबरमध्ये परत गाठणार. तोपर्यंत दाराला कुलूप लागलेलं असेल. आणि आधी उघडं होतं, माणसं एवढी होती, आता कुलूप, ही नोंद सलग तीन महिने फाइलमध्ये राहील. जे घर बदलून पुढं जायचे ते घर पहिल्यांदाच आपल्या जागेवर दिसेल, असं मला वाटतं. यंदाच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या फायली येतील तेव्हा पहिलं काम म्हणून मराठवाड्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला न सापडलेली घरं मोजणार. वजनांचा नियम पण बदलला असणार म्हणून आधी वाचा-फाइल.

दादा-वहिनी एप्रिलमध्ये आले. काल फोनवर वहिनींना परत तोच प्रश्न विचारला, मागच्या ३६५ दिवसांत जास्त वेळ काय केलंत. म्हणाल्या, “ताई, ल्ह्या आता, ऊस तोडला.”